नवे ऑफिस, जुनी अक्षरे

शाळेच्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर आले की पहिल्या दिवशी सर्वांचे लक्ष पडद्यावरील चित्रांकडे जाते. छपाईचे चिन्ह कोठे गेले, जुना मेनू का दिसत नाही, अक्षरे पूर्वीपेक्षा ठळक आहेत की पुसट, अशी चर्चा रंगते. दोन दिवसांत एक गट 'जुनेच बरे होते' म्हणू लागतो, दुसरा 'सवय होईल हळूहळू' म्हणतो, आणि परीक्षण तेथेच संपते.

आम्ही ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी) येथे विज्ञान आणि गणित शिकवणारे तिघे शिक्षक. शाळेच्या संगणकांची देखभालही आमच्याकडेच असते. आमचे परीक्षणही असेच दोन दिवसांत आटोपले असते. ते आटोपले नाही याला कारण एक जुनी फाइल. ती उघडल्यावर आमच्या लक्षात आले की सॉफ्टवेअर कसे दिसते हा प्रश्न फार किरकोळ आहे. आपण लिहिलेले मराठी त्याला मराठी म्हणून कळते का, आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते वाचता येईल का, हे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे. म्हणून या लेखात नव्या संचाविषयीची आमची पहिली मते थोडक्यात देऊन आम्ही अधिक जागा या दोन प्रश्नांना दिली आहे.

पहिला दिवस

हा बदल आम्ही हौसेने केला नव्हता. विंडोज १० या संगणक-प्रणालीला मिळणारे नेहमीचे मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचे साहाय्यही त्याच दिवशी थांबले. साहाय्य थांबले म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडते असे नाही. पण त्यातील सुरक्षिततेच्या त्रुटी पुढे कोणी दुरुस्त करीत नाही. कार्यालयातील जुने यंत्र तसेही थकले होते. नव्या यंत्रावर आम्ही लिबरऑफिस हा संच बसवला, आवृत्ती २५.८. पत्रे व प्रश्नपत्रिका लिहिणे, तक्ते करणे आणि वर्गात दाखवायची सादरीकरणे तयार करणे ही कामे करणारे कार्यक्रम त्यात एकत्र मिळतात. तो विनामूल्य आहे आणि त्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते.

या संचाची वंशावळ मोठी रंजक आहे. १९८५ मध्ये मार्को बोरिस या जर्मन मुलाने विशीच्या आतच 'स्टार डिव्हिजन' ही कंपनी काढली. तिचे 'स्टारऑफिस' १९९९ मध्ये अमेरिकेतील सन कंपनीने विकत घेतले आणि २००० साली त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. त्यातून 'ओपनऑफिस' जन्मले. पुढे सन कंपनी ओरॅकलकडे गेली. २०१० मध्ये स्वयंसेवक प्रोग्रॅमरांचा मोठा गट वेगळा झाला आणि 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' या संस्थेच्या छत्राखाली त्यांनी लिबरऑफिस सुरू केले. मालक बदलले तरी काम चालू राहू शकले, कारण आज्ञावली खुली होती. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मेनूंची तक्रार चार दिवसांत मिटली. २००७ च्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसने वर्ड, एक्सेलमधील जुने मेनू काढून तेथे 'रिबन' म्हणजे बटणांची रुंद पट्टी आणली. तेव्हा अनेकांना शिकलेले पुन्हा शिकावे लागले. लिबरऑफिसमध्ये जुनी पद्धत आणि पट्टीची पद्धत दोन्ही आहेत. हवी ती निवडावी. आमच्याकडे ज्येष्ठांनी पहिली घेतली, मुलांनी दुसरी.

आता उणी बाजू. एकाच परिच्छेदात मराठी आणि इंग्रजी असेल, तर या संचात दोन्हींचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठरवावे लागतात. रोमन लिपी एका खात्यात येते. देवनागरी, अरबी अशा लिपी 'कॉम्प्लेक्स' म्हणजे गुंतागुंतीच्या लिपींच्या खात्यात येतात. हे माहीत नसलेला शिक्षक अक्षरांचा आकार वाढवतो, इंग्रजी शब्द मोठे होतात, मराठी तसेच राहते, आणि तो चक्रावून जातो. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर या खात्यापुढे खूण करून तेथे 'मराठी' निवडले की बराचसा घोटाळा टळतो. दुसरी गोष्ट पानांची. एका संचात केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यात उघडली आणि तोच फॉन्ट तेथे नसला, तर त्याच्याऐवजी दुसरा फॉन्ट लागतो. त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी असल्याने ओळी सरकतात आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर उतरते. छपाईला द्यायची प्रत पीडीएफ करूनच द्यावी, हा धडा यातून घ्यायचा.

एवढ्यावर लेख संपवून आम्ही 'चांगला आहे, वापरून पाहावा' असा शेरा दिला असता. पण तेवढ्यात विहिरींची फाइल उघडली.

आकडे राहिले, नावे गेली

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक गुरुजी १९९९ पासून मुलांकडून गावातील विहिरींची पाणीपातळी मोजून घेत. दोरीला हातहात अंतरावर गाठी, टोकाला दगड, आणि वहीत नोंद. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा. आपला भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी मुरते ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यामुळे हाकेच्या अंतरावरील दोन विहिरींचे वागणे अगदी निराळे असू शकते. म्हणूनच प्रत्येक विहिरीची नोंद वेगळी ठेवण्याला महत्त्व. गुरुजी या नोंदी संगणकावर तक्त्यात भरत. ते आता हयात नाहीत. त्यांची फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात अशी कोणी न उघडता फिरत राहिली होती.

नव्या संचात ती विनातक्रार उघडली. आकड्यांचे रकाने जसेच्या तसे होते. पण ज्या रकान्यात विहिरींची नावे असायला हवी होती तेथे रोमन अक्षरे, कंस, टक्केचिन्हे आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसत होती. इतक्या वर्षांची मापे डोळ्यांसमोर होती आणि ती कोणत्या विहिरीची हे कळायला मार्ग नव्हता. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून अस्वस्थ करणारे दृश्य नसेल. कशाचे माप हे ठाऊक नसेल तर मापाला काही अर्थ उरत नाही.

साहजिकच पहिला दोष नव्या सॉफ्टवेअरला दिला गेला. 'जुन्यावर ठीक दिसत असणार, याने बिघडवली', असे आम्हीच म्हणालो. थोडे खोलात गेल्यावर आमचे आम्हांलाच खजील व्हावे लागले. नव्या संचाने फाइलमध्ये होते तेच प्रामाणिकपणे दाखवले होते. फाइलमध्ये मराठी नव्हतेच.

अक्षर की अक्षराचे चित्र?

संगणक अक्षरे साठवीत नाही, संख्या साठवतो. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर हे आधी ठरलेले असावे लागते. इंग्रजीसाठी हे १९६० च्या दशकातच ठरले. त्या संकेतात ६५ म्हणजे रोमन लिपीतील पहिले मोठे अक्षर. एका बाइटमध्ये ० ते २५५ अशा २५६ संख्या मावतात.

१९९० च्या दशकात मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी एक सोपी युक्ती वापरली. रोमन अक्षरांच्या संख्या तशाच ठेवायच्या आणि त्या जागी मराठी आकार काढायचे. संगणकाला वाटते की आपण रोमन अक्षरे लिहीत आहोत. पडद्यावर मात्र मराठी दिसते. एखाद्याने मुखवटा घालावा तसा हा प्रकार. फॉन्ट म्हणजे मुखवटा. तो ज्या यंत्रावर नाही तेथे आतला रोमन चेहरा दिसतो. आमच्या फाइलचे नेमके हेच झाले होते. त्या फॉन्टमध्ये अंक मात्र अंकांच्याच जागी होते, म्हणून ते वाचता आले.

यात आणखी एक गंमत आहे. मराठीतील सारी अक्षरे आणि जोडाक्षरे २५६ जागांत मावणे शक्य नाही. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. अनेक फॉन्टांमध्ये 'भ' हे अक्षर अर्धा भ आणि उभा दांडा अशा दोन तुकड्यांचे असते. 'भा' लिहायचे तर अर्धा भ, दांडा, आणि पुन्हा तोच दांडा काना म्हणून. तुकड्यांचा क्रम उच्चाराप्रमाणे नसून दिसण्याप्रमाणे असतो. 'किरण' मध्ये आपण आधी क म्हणतो आणि मग इकार. फाइलमध्ये मात्र आधी पहिली वेलांटी येते, मग क. 'सूर्य' मध्ये रफार य च्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो य च्या नंतर साठवला जातो. थोडक्यात, ते लेखन नव्हते, लेखनाचे चित्र होते. कागदावर छापायचे एवढेच काम असेल तर चित्र पुरते. आणि त्या काळी छापणे हेच तर काम होते.

युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेताने हे बदलले. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा दिल्या आहेत. 'क' म्हणजे २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. क्रम उच्चाराचा असतो. 'कि' म्हणजे २३२५ आणि नंतर इकाराचा २३६७. 'क्ष' साठी वेगळी जागा नाही. क, हलन्ताचे चिन्ह आणि ष, म्हणजे २३२५, २३८१, २३५९ अशा तीन संख्या. त्यांचा एक जोडाक्षराचा आकार करून दाखवणे हे वेगळ्या यंत्रणेचे काम. लिबरऑफिसमध्ये २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रकारच्या संगणकांवर हे काम 'हर्फबझ' नावाची खुली आज्ञावली करते. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे, असे हे फारसी नाव आहे.

वर्गात करून पाहा

हा फरक मुलांना तोंडी सांगून पटत नाही. तक्त्याच्या कार्यक्रमात तो पाच मिनिटांत दाखवता येतो. एका चौकटीत 'क्ष' लिहा. शेजारी अक्षरांची संख्या मोजणारे 'लेन' हे सूत्र रोमन अक्षरांत लिहून त्या चौकटीचा पत्ता द्या. उत्तर ३ येईल. आता 'युनिकोड' हे सूत्र तसेच वापरा. ते पहिल्या चिन्हाचा संकेतांक सांगते, म्हणून उत्तर २३२५ येईल. मुलांना आपापल्या नावातील एकेक अक्षर वेगळ्या चौकटीत लिहून त्यांचे संकेतांक काढायला सांगा.

दुसरा प्रयोग क्रमवारीचा. किरण, विमल, शिवानी, अमोल, सुरेश ही नावे अकारविल्हे लावायची आहेत. जुन्या फॉन्टमध्ये किरण, विमल आणि शिवानी ही तिन्ही नावे वेलांटीच्या तुकड्याने सुरू होतात, म्हणून ती एका गठ्ठ्यात येतात. हजेरीपत्रक हाताने लावण्याची पाळी शिक्षकांवर येत असे ती यामुळे. युनिकोडमध्ये ती आपापल्या जागी जातात.

पण युनिकोड आले म्हणून सारे सुरळीत झाले असेही मानू नये. 'काळे' आणि 'कासार' यांत आधी कोण? आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर येतो, म्हणून कासार आधी. युनिकोडच्या कोष्टकात मात्र ळ ची जागा २३५५, म्हणजे ल च्या लगेच नंतर, आणि स ची २३६०. नुसत्या संकेतांकांनी क्रम लावला तर काळे आधी येतील. म्हणजे क्रम लावणाऱ्या कार्यक्रमाला भाषा मराठी आहे हे सांगावे लागते आणि त्याला मराठीचा क्रम ठाऊक असावा लागतो. क्रमवारीच्या पर्यायांत भाषा 'मराठी' निवडून आणि न निवडता, असे दोनदा करून पाहावे. कोणत्याही संचाची ही चांगली कसोटी आहे.

तिसरा प्रयोग शोधण्याचा. रसायनशास्त्राचा धडा लिहिताना एकाने 'अॅसिड' लिहिले, दुसऱ्याने 'ॲसिड'. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. आत मात्र पहिल्यात अ आणि अर्धचंद्र अशा दोन संख्या आहेत, २३०९ आणि २३७३. दुसऱ्यात एकच, २४१८. हे एकसंध अक्षर २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आले. एकाने लिहिलेले दुसऱ्याने शोधले तर संगणक 'सापडत नाही' असे सांगू शकतो. शाळेतील सर्वांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी, आणि ती ॲ ची असावी.

प्रमाण होते, पण वापर नव्हता

मग १९९९ साली गुरुजींनी योग्य संकेत का वापरला नाही? हा प्रश्न मुलांनीच विचारला, आणि तो रास्त आहे. प्रमाण नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींसाठी 'इस्की' हा संकेत १९९१ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने त्यावर बरेच काम केले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली. परंतु तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या संगणकावर सर्रास चालणारी व्यवस्था म्हणजे मुखवट्याचे फॉन्ट. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय प्रथम विंडोज २००० मध्ये आली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट मुंबईचे नामवंत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला. म्हणजे गुरुजींनी काम सुरू केले तेव्हा त्यांच्या हाताशी दुसरा मार्ग नव्हता. ज्या साधनाने पडद्यावर मराठी उमटले ते त्यांनी वापरले. आम्ही त्यांना दोष देत नाही. दोष द्यायचा तर तो आम्हांला. २००५ नंतर मार्ग होता, तरी आम्ही कित्येक वर्षे जुन्या फॉन्टमध्येच प्रश्नपत्रिका काढत राहिलो, कारण बोटांना तो कळफलक पाठ होता.

नव्या संचाची खरी परीक्षा

यावरून कार्यालयीन संच पारखायच्या आमच्या कसोट्या बदलल्या. मराठीत शोधता येते का, वर्णानुक्रम बरोबर लागतो का, मराठी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात का, या झाल्या पहिल्या. त्यांपैकी शेवटची फॉन्टवर आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदली आहे का यावर अवलंबून असते. चांगल्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात. भाषा कळली तर योग्य ते निवडले जाते.

शब्दांची शुद्धता तपासण्याची सोय ही पुढची कसोटी. लिबरऑफिस त्यासाठी 'हनस्पेल' वापरते. हंगेरीतील लास्लो नेमेथ यांनी ते आपल्या भाषेसाठी रचले. हंगेरियन भाषेत शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय लागतात. आपल्या 'शाळेतल्यांनासुद्धा' या शब्दाकडे पाहा. शाळा या शब्दाचे सामान्यरूप शाळे, त्यापुढे त, ल्यां, ना, सुद्धा. अशी सर्व रूपे यादीत लिहायची म्हटली तर यादी कधी संपणारच नाही. हनस्पेलमध्ये मूळ शब्दांची यादी वेगळी आणि प्रत्ययांचे नियम वेगळे असतात, म्हणून ही रचना मराठीलाही मानवते. मराठीचा शब्दकोश त्यात आहे का हे पाहावे, नसल्यास तो जोडावा. मात्र त्याने लाल रेघ मारली म्हणजे शब्द चुकलाच, असे मुलांना वाटू देऊ नये. आपल्या बोलीतले अस्सल शब्द यादीत नसतात. त्यांच्याखालीही तीच लाल रेघ येते.

सर्वांत मोठी कसोटी टिकण्याची. फाइल कोणत्या रचनेत साठवली जाते ते जगाला माहीत आहे का? लिबरऑफिसची ओडीएफ ही रचना २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि मायक्रोसॉफ्टची ओओएक्सएमएल २००८ मध्ये. दोन्हींची मूळ कल्पना सारखीच आहे, आणि तीही मुलांना दाखवता येते. नव्या संचात लिहिलेल्या एखाद्या फाइलची नक्कल करा. तिच्या नावाचा शेवटचा भाग बदलून तेथे 'झिप' लिहा आणि ती उघडा. एका फाइलच्या पोटात अनेक फाइली दिसतील. त्यांपैकी 'कंटेंट' नावाची फाइल साध्या मजकुराच्या कार्यक्रमात उघडली की खुणांच्या गर्दीत आपले मराठी वाक्य चक्क वाचता येते. उद्या लिबरऑफिस बंद पडले, आणखी कोणत्या कंपनीने कोणती कंपनी विकत घेतली, तरी ते वाक्य काढून घेता येईल. मेनू आणि रंग यांच्यापेक्षा हा गुण आम्हांला मोठा वाटतो.

विहिरींची नावे

आता गुरुजींच्या फाइलकडे. त्या फॉन्टची सीडी शाळेत सापडली नाही. फॉन्ट मिळाला असता तर नावे दिसली असती, पण चित्र म्हणूनच. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कार्यक्रम असतात. पण प्रत्येक फॉन्टचे कोष्टक वेगळे, आणि आमचा फॉन्ट कोणता हेच ठरवता येत नव्हते. तेव्हा नववीच्या मुलांनी एक मार्ग सुचवला. त्यांना गुप्तलिपीचा खेळ ठाऊक होता.

नावांच्या रकान्यात चौदा ओळी होत्या. त्यांपैकी बारा ओळींच्या शेवटी तीच तीच सहा चिन्हे होती. विहिरींच्या यादीत प्रत्येक नावाच्या शेवटी येणारा शब्द कोणता असेल? अर्थात 'विहीर'. पण पहिली वेलांटी, व, ह, दुसरी वेलांटी, र असे मोजले तर पाचच तुकडे होतात. येथे मुले अडली. शेवटी एका मुलीने फळ्यावर व काढला आणि त्याचा दांडा बाजूला केला. अर्धा व आणि दांडा, म्हणजे सहा. एका शब्दातून सहा चिन्हांची उकल झाली. दांडा सापडल्यावर काना सापडला. मग एका ओळीत मधोमध '_ारु_ी' असे काही दिसू लागले आणि साऱ्या वर्गाने एकदम 'मारुती' म्हटले. तीन तास, दोन फळे आणि एक कोष्टक, एवढ्यात बारा नावे लागली. लोखंडी कपाटात एका वर्षीच्या तक्त्याची छापील प्रत सापडली. तिच्याशी ताडून पाहिले तेव्हा दोनच चुका निघाल्या, दोन्ही रफाराच्या.

उरलेल्या दोन ओळींत 'विहीर' हा शब्दच नव्हता. एक निघाली 'बारव'. दुसऱ्या ओळीतील नाव अक्षर अक्षर लागले, पण त्या नावाची विहीर गावात कोणाला आठवेना. मुलांनी घरोघरी विचारले. एका आजींनी जागा दाखवली. विहीर केव्हाच बुजवली होती आणि वर घर उभे होते. तिच्यात कधी किती पाणी असे, याची नोंद आता फक्त या तक्त्यात आहे.

तक्ता आम्ही तीन प्रकारे ठेवला आहे. एक ओडीएफमध्ये, एक युनिकोडमधील साध्या मजकुराच्या रूपात, आणि एक छापून त्याच लोखंडी कपाटात. आपल्या शाळेतील जुन्या फाइली वाचकांनी एकदा उघडून पाहाव्यात. ज्यांनी त्या लिहिल्या ते विचारता येण्याजोगे आहेत तोवर पाहाव्यात. यंदाच्या मे महिन्याचा रकाना मुलांनी आखून ठेवला आहे, आणि दोरीला नव्या गाठी मारून झाल्या आहेत.